ट्रेडेगरची तोफांची ओतशाळा

अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानाची राजधानी रिचमंड. तेथें जेम्स नदीच्या तीरावर ट्रेडेगर नांवाचा लोखंडाचा जुना कारखाना डागडुजी करून जतन केलेला आहे. चिरंजीवांकडे त्या देशीं मुक्काम असतां आम्हीं तो पाहिला.

कारखाना १८३७ सालचा. नांव मात्र वेल्समधील एका लोहग्रामाचें. शेजारच्या कालव्याचें पाणी चाकांवर पडे व त्या बळावर यंत्रें फिरत. आज भट्ट्या निवल्या आहेत. तोफा ओतण्याची १८६१ सालची विटांची इमारत मात्र उभी आहे. प्रथम लांकडी नमुना, त्यावरून वाळूचा साचा, साच्यांत लोखंडाचा रस. आणि तोफ थंड झाल्यावर तिच्या भरीव अंगांत भोंक पाडावयाचें, अशी येथील रीत. तोफ पोकळ ओतून आंतून पाण्यानें निवविण्याची रॉडमनची युक्ति मालक जोसेफ अँडरसन यानें युद्धापूर्वीं पत्करली नाहीं. हट्टी गृहस्थ दिसतो!

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत दक्षिणेला येथून सुमारें ११०० तोफा मिळाल्या. दक्षिणेची लढाई गुलामगिरी टिकविण्यासाठीं होती, आणि या कारखान्यांत राबणाऱ्यांत शेंकडों गुलाम होते. त्यापूर्वीं १८४७ सालीं, गुलामांना लोखंड शुद्ध करण्याचें व लाटण्याचें कसब शिकवूं नये म्हणून गोऱ्या कारागिरांनीं काम बंद पाडलें होतें. अँडरसननें त्या गोऱ्यांनाच घरीं बसविलें! वाचकांस हा न्याय वाटेल. पण मालकाची दृष्टि स्वस्त मजुरीवर होती. भाड्यानें आणलेल्या गुलामाचा करार त्याच्या धन्याशीं होई. विद्या कोणी हिरावून नेऊं शकत नाहीं, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितलें. येथें कसब एकाच्या हातांत आणि त्याचें मोल दुसऱ्याच्या पेटींत! त्या ओतशाळेंत आम्हांला बराच वेळ कांहीं बोलवेना.

एप्रिल १८६५ मध्यें माघार घेणाऱ्या सैन्यानें लावलेल्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला. कामगारांच्या पहाऱ्यामुळें कारखाना वांचला. अँडरसनला त्याच वर्षीं माफी मिळाली व भट्ट्या पुन्हां पेटल्या.

२०१९ सालीं येथें युद्धाचें नवें संग्रहालय उघडलें. पडक्या विटांच्या भिंती कांचेच्या इमारतींत घेतल्या आहेत. हकीकत उत्तरेची, दक्षिणेची व गुलामांचीहि सांगितली आहे. जाणारानें दोन तास तरी हातीं ठेवावे. उन्हाळ्यांत नदीकांठीं ऊन फार लागतें, तेव्हां सकाळींच निघावें, आणि कालव्याकडची वाट चुकवूं नये.