पाण्याची मदत

संधिवात म्हटलं की लोक आधी वय विचारतात. गुडघे झिजले, थंडीत ठणकू लागले, की त्याला हे नाव द्यायचं, अशी आपली समजूत. माझा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, त्या जातीचा नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं आणि ती सूज हळूहळू कूर्चा आणि हाड पोखरत जाते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पट अधिक होतो, आणि बऱ्याचदा ऐन कर्त्या वयात गाठतो.

सकाळ ही त्याची हक्काची वेळ. मला जाग येते, बोटांना येत नाही. दुधाची पिशवी कापणं, कुकरचं झाकण बसवणं, ब्लाउजचे हुक लावणं, सगळ्यालाच मुहूर्त लागतो. उन्हं वर येईपर्यंत बोटं सैल पडतात, आणि मग बघणाऱ्याला वाटतं, हिला कुठे काय झालंय? न दिसणारं दुखणं रोज नव्याने सिद्ध करावं लागतं.

दुखण्यापेक्षा चिवट असते ती भीती. पाऊल टाकण्याआधी मन हिशेब मांडतं. जिना नको, मांडी घालून बसणं नको, पंगतीत वाढणं नको. हालचाल कमी झाली की स्नायू रोडावतात, त्यांचा आधार गेला की सांध्यांवर ताण येतो आणि दुखणं वाढतं. मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सूज आवरते. ते काम पाण्याचं नाही, आणि पाण्याच्या भरवशावर गोळी सोडणं हा शुद्ध वेडेपणा. पण आग विझली तरी जळालेल्या घरात पुन्हा वावरायचं धैर्य वेगळं कमवावं लागतं. ते मला कोमट पाण्याच्या तलावात मिळालं.

या तलावाचं पाणी साधारण ३३ ते ३६ अंश सेल्सिअस असतं. कमरेपर्यंत उतरलं की शरीराचा जवळजवळ निम्मा भार पाणी उचलतं. गळ्यापर्यंत गेलं तर पायांवर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत घोकलं होतं, गुडघ्यांना ते आत्ता कळलं. उबेने आखडलेले स्नायू सैलावतात, पाण्याचा दाब सुजलेल्या घोट्याला चहूबाजूंनी धरून ठेवतो. आणि पाणी विरोधही करतं. हात सावकाश फिरवला तर वाट देतं, वेग दुप्पट केला तर सुमारे चौपट जोराने अडवतं. म्हणजे आज अंगात जेवढी ताकद, तेवढाच व्यायाम. डंबेलला असली समज नसते. माझा दिवस बरा असो वा वाईट, त्याचं वजन तेवढंच.

कोमट पाण्याचा हा गुण आपल्या लोकांना नवा नाही. वज्रेश्वरीजवळ अकलोलीला, राजापूरजवळच्या उन्हाळे गावात लोक गरम कुंडांवर अंग शेकायला येतच आले आहेत. कुणी श्रेय गंधकाला देतं, कुणी देवीला. १९४६ साली गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराचा आश्रम सुरू केला, तोही खेड्यातल्या गरिबाला माती, पाणी, ऊन यांवर बरं होता यावं म्हणून. शहरातला कोमट तलाव मात्र फुकट नसतो. पाणी तापवायला वीज लागते, व्यायाम करून घ्यायला शिकलेलं माणूस लागतं. साधे तरणतलाव गार, आणि त्यांत उतरायची शिडी उभी. ज्यांच्या मुठी वळत नाहीत त्यांनी ती धरायची कशी, हा प्रश्न ती बसवणाऱ्याला पडलेला नसतो.

तलावातून बाहेर येताना पायरीगणिक भार परत अंगावर येतो. हलकेपण फार तर संध्याकाळपर्यंत पुरतं. ‘मग आता बरी झालीस ना?’ असं नणंद विचारते, तेव्हा मी नाही म्हणते. आजार आहे, राहणार आहे. फरक एवढाच, की हलायचं म्हणजे दुखायचंच, हा शरीराचा ग्रह सुटला आहे.

आणि मदत कशी असावी हेही कळलं. घरची माणसं मायेने म्हणतात, ‘तू बस, आम्ही करतो.’ त्यात भार जातो, पण कामही जातं; कामाबरोबर हातही जातो. पाणी भार घेतं आणि काम माझ्याकडेच ठेवतं. म्हणून घरी आता सांगून ठेवलं आहे: कणीक तुम्ही मळून द्या, कुकर तुम्ही उतरवा. पोळ्या मी लाटीन, आणि मला वेळ लागला तर लागू द्या.