पाव इंचाचा हिशेब

आज बैठकीतला गालिचा गुंडाळला आणि ओकच्या लाकडाची जमीन सलग दिसली. न्यू जर्सीतल्या या घरात आमच्याआधी कोण कसं वावरलं, ते तिच्यावर उमटलेलं: दारापाशी झिजलेली वाट, सोफ्याच्या पायांचे वळ, खिडकीखाली काळे डाग.

जमीन घासायला भाड्यानं आणलेलं यंत्र जड आणि हट्टी. चालू असताना क्षणभर थबकलं की खळगा पडलाच. आधी ४० नंबरचा जाडाभरडा पॉलिशपेपर, मग ६०, ८०, शेवटी १००. मधला टप्पा गाळला, तर राहिलेले ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. घाई इथं लपत नाही.

मला विचारात पाडलं ते फळीच्या जाडीनं. ती पाऊण इंच. पण घासता येतो तो वरचा जेमतेम पाव इंच, कारण त्याखाली फळ्या एकमेकींत अडकवणारी खाच असते. या जमिनीला मोजकीच आयुष्यं आहेत आणि त्यातलं एक मी आज खर्च करतोय. पुढच्या बिऱ्हाडकरूंसाठीही काही उरायला हवं.

म्हणून काळे डाग नाहीसे होईस्तोवर घासायचा मोह आवरला. ओकमधलं टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आलं की काळेपणा खोल मुरतो. राहू दे थोडा.

उद्यापासून पॉलियुरेथेनचं पॉलिश. तेलातलं कालांतरानं पिवळसर होतं, पाण्यातलं रंगहीन राहतं.

जमीन नुसती निस्तेज झाली असेल, तर यंत्र आणू नका. वरवर घासून पॉलिशचा एक हात पुरतो. लाकूड उघडं पडलं असेल तरच मुळापासून घासा.