पोचलो, पण फोन लागेना!

दोस्तांनो, आमचं आखाडा बाळापूर म्हणजे कळमनुरी तालुक्यातलं, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं गाव. दुबईला निघताना आईनं एकच बजावलं होतं, "पोचला की फोन कर. तोंड दिसलं पायजे." आहे की नाही सोपं काम? पण हॉटेलात पाऊल टाकलं आणि तेच अवघड होऊन बसलं.

मोबाइलवर वायफायची खूण दिसत होती, इंटरनेटचा मात्र पत्ता नाही! तुमचं असं झालं तर घाबरू नका. वायफाय जोडलं म्हणजे तुम्ही फक्त हॉटेलच्या दारात आलात. आत सोडण्याआधी 'तुम्ही कोण?' असं विचारणारं एक लॉगिनचं पान असतं. ते आपोआप उघडलं नाही, तर ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' हा पत्ता टाका. सुरक्षित संकेतस्थळं मध्ये कुणाला घुसू देत नाहीत, त्यामुळे ते पान अडकतं. या साध्या संकेतस्थळाला कुलूपच नाही, म्हणून पान झटकन पुढे येतं. व्हीपीएन चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा.

माझं पान आलं. खोलीचा क्रमांक, आडनाव. दोनदा नकार! मी नेहमीचं स्पेलिंग लिहीत होतो आणि हॉटेलच्या नोंदीत पासपोर्टवरचं होतं. (काही ठिकाणी मोबाइलवर ओटीपी येतो. तिथं भारतातल्या सिमचं रोमिंग चालू नसेल, तर बसा वाट पाहत.)

आता इंटरनेट आलं, संदेश भराभर जाऊ लागले. पण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला की नुसतं 'जोडत आहे, जोडत आहे'. फोन बंद करून चालू केला, वायफाय विसरायला लावून पुन्हा जोडलं. व्यर्थ! शेवटी खालचा कारकून हसून म्हणाला, "साहेब, तुमच्या फोनला काही झालेलं नाही." गंमत पाहा, संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून मजकूर, फोटो, ध्वनिसंदेश जातात. बोलणं मात्र होत नाही, तिथला नियमच तसा! बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप चालतात, पण ते आईच्या फोनमध्ये कुठलं असायला? मग मी "पोचलो गं" असं बोलून तोच ध्वनिसंदेश पाठवला.

दुसऱ्या दिवशी अब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडून देऱ्याच्या मसाला बाजारात गेलो. पोत्यांत हळदीच्या पिवळ्याधमक राशी! आपल्या हिंगोलीकडच्या माणसाचे पाय तिथं थबकणारच. फोटो काढला, संध्याकाळी हॉटेलातून धाडला.

पाच मिनिटांत आईचा आवाज आला, "तोंड ऱ्हाऊ दे. हळदीला काय भाव हाय तिकडं, ते सांग!"