भट्टीचे पाणी

पेडण्यातील आम्हा जुन्या घराण्यांनी काजूविषयी बोलायचे ते बागायतीपुरते, अशी रीत पडून गेली आहे. भट्टीचा विषय निघाला की बैठकीत कोणीतरी घसा खाकरतो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तरी हा संकोच काही सुटलेला नाही. आज मात्र आम्ही भट्टीवरच लिहिणार आहोत. पेयाच्या गुणदोषांवर नव्हे, तर वाफ ज्या पृष्ठभागावर निवते त्याच्यावर.

आंबलेला रस भाणात, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या हंड्यात, उकळतो. वाफ नळीवाटे शेजारच्या मडक्यात जाते. या मडक्यास इकडे लावणी म्हणतात (ढोलकीवरची नव्हे!). जुन्या पद्धतीत एक गडी तिच्या पाठीवर सतत पाणी ओतीत बसे. वाफेची उष्णता मडक्याच्या भिंतीतून पाण्यात उतरे आणि आत थेंब धरे. मोठ्या कारखान्यांतील हीट एक्स्चेंजर तत्त्वतः याहून निराळा नाही.

पुढे मडक्याच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेले तांब्याच्या नळीचे वेटोळे आले. तांबे मातीच्या कित्येक शेकडा पट उष्णतावाहक. म्हणून काम तितकेच पट वेगाने होईल, असा सर्वांचा समज. तसे होत नाही. मातीची भिंत बोटभर जाड, तेव्हा तेथे अडथळा भिंतीचाच असतो. तांब्याच्या पातळ नळीत भिंतीचा अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. पण नळीला बिलगून राहिलेला निश्चल पाण्याचा थर वाट अडवून बसतो. वर क्षारांचे किटण चढले की आणखी एक भिंत उभी राहते. म्हणजे नळी अधिक भारी घेऊन उपयोग नाही. पाणी हलते राहिले पाहिजे. इंग्लंडात जूल या शास्त्रज्ञाने १८६१ मध्येच वाफ निवविण्याच्या प्रयोगांत पाण्याच्या वाटेत तारेचे मळसूत्र घालून प्रवाह घुसळला होता. रिचर्ड सेलिग्मन यांनी १९२३ मध्ये दुधासाठी पत्र्यांचा विनिमयक काढला. आज अशा पत्र्यांवर माशाच्या काट्यासारख्या ज्या पन्हळी दाबतात, त्याही पाण्याला स्वस्थ बसू न देण्यासाठीच.

आमच्या घरातील एक मुलगा पुण्यास असे पृष्ठभाग आखण्याचेच काम करतो. एका चैत्रात तो गावी आला असता टाकीपाशी बसून आम्ही हिशेब मांडला. एक लिटर फेणीची वाफ पूर्ण निववायची तर साधारण १,८०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पाणी २० अंशांनीच तापवून सोडून दिले तर लिटरमागे २० लिटरांहून अधिक पाणी जाते. ४० अंशांनी तापू दिले तर ११ लिटरांत भागते. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो, तेव्हा हा फरक कागदावरचा राहत नाही. घरचे पिणे, गुरे आणि भट्टी एकाच विहिरीवर असतात. मडक्यावरून ओघळून जाणारे पाणी पुरते तापतही नसे, हे तेव्हाच आमच्या ध्यानी आले.

उपाय अगदी साधा निघाला. आमच्या टाकीत पाणी वरून पडे आणि वरूनच वाहून जाई. वाफ वेटोळ्यात वरून खाली उतरते, तर पाण्याने खालून वर चढावे. सर्वांत ऊन पाणी सर्वांत ऊन वाफेला भेटते, आणि खाली निवालेल्या फेणीला थंड पाणी मिळते. थंड पाण्याची नळी तळाशी नेली, ओसंडणीचे भोक वर ठेवले, आणि हंगामाआधी वेटोळे चिंचेने घासून घेण्याची प्रथा पाडली. भट्टीवाल्या भाऊंना प्रथम हे पटले नाही. ‘वरचे पाणी हाताला चटका देते, मग निववणार काय?’ असे ते म्हणाले. आम्ही त्यांना टाकीच्या तळाशी हात घालावयास सांगितले.

ओसंडणारे ते ऊन पाणी आता एका पिंपात जाते. त्यात पुढच्या खेपेच्या रसाची भांडी बुडवून ठेवतात, म्हणजे भाणात ओतताना रस आधीच कोमट असतो. त्यामुळे लाकडेही थोडी कमी लागतात, असे भाऊ आपणहून सांगतात.