सात वर्षें कीं आठ ?

मुलानें काय शिकावें हें पूर्वीं घरांतील वडील मंडळी ठरवीत आणि तो निकाल मुलाच्या कानावर जेवतां-जेवतां पडे. आतां तसें राहिलेलें नाहीं, आणि त्याचा आम्हांस फारसा खेदही वाटत नाहीं. तथापि वडीलधाऱ्यांचा सल्ला विचारण्याची चाल आमच्या एडवणच्या घरांत अजून टिकून आहे, आणि तिच्यामुळेंच यंदांच्या चैत्रांत एक प्रश्न साता समुद्रांपलीकडून आमच्या ओटीवर येऊन पडला.

आमचे धाकटे बंधू गेलीं वीस-बावीस वर्षें न्यू जर्सींत असतात. त्यांची कन्या यंदां शाळा संपवीत होती. तिला डॉक्टर व्हावयाचें आहे. हें ती दहा वर्षांची असल्यापासून सांगते. तिच्यापुढें दोन निमंत्रणें होतीं. एक होतें सात वर्षांच्या जोड-अभ्यासक्रमाचें : तीन वर्षें कॉलेजांत, पुढचीं चार ठरलेल्या मेडिकल कॉलेजांत, आणि तेथील जागा आजपासूनच राखून ठेवलेली. दुसरें होतें नांवानें पुष्कळच मोठ्या अशा एका कॉलेजाचें : चार वर्षांची साधी पदवी, आणि पुढचें पुढें. १ मेच्या आंत एकाला होकार द्यावयाचा होता. बंधूंनीं फोन करून म्हटलें, "दादा, तुम्हां सर्वांचें मत कळवा."

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा पेंच चटकन् ध्यानांत येणार नाहीं, कारण आपल्याकडे तो नाहींच. येथें बारावीबरोबर नीटची परीक्षा द्यावयाची, आणि तींत निभावलें तर थेट एम्. बी. बी. एस्.; साडेचार वर्षें अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयांतील सक्तीची इंटर्नशिप. २०२४ सालीं तेवीस लाखांहून अधिक मुलें त्या परीक्षेस बसलीं; जागा लाखाहून थोड्या अधिक, आणि सरकारी कॉलेजांतील त्यांच्या निम्म्याच्या आसपास. मे महिन्यांतील एका दुपारीं सगळा निकाल लागतो. निवड करण्याचा प्रसंग आपल्या मुलांवर येतच नाहीं; जें मिळेल तें पदरीं पाडून घ्यावयाचें, नाहीं तर आणखी एक वर्ष क्लासांत घालवावयाचें.

अमेरिकेंतील वाट निराळी. तेथें आधीं चार वर्षांची पदवी लागते. ती कोणत्याही विषयाची चालते, अगदीं इतिहासाचीही. मात्र जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय प्रयोगशाळेसह पुरे करावे लागतात. मग एम्कॅट नांवाची दिवस खाणारी परीक्षा, मग बऱ्याच मेडिकल कॉलेजांस अर्ज, मग मुलाखती. अर्ज करणाऱ्या दर शंभरांपैकीं चाळीस-पंचेचाळीसांनाच कोठें तरी प्रवेश मिळतो. त्यानंतर चार वर्षें वैद्यक, आणि त्याच्याही पुढें विषयाप्रमाणें तीन ते सात वर्षें रेसिडेन्सी. माणूस तिशीला टेकतो तेव्हां कोठें स्वतंत्रपणें रोग्याची नाडी पाहूं लागतो.

हें लांबण टाळण्याकरितां कांहीं विद्यापीठांनीं जोड-अभ्यासक्रम काढले. कॅन्सस सिटी येथील मिसूरी विद्यापीठाचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम १९७१ पासूनचा आहे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाचा सात वर्षांचा. ब्राउन विद्यापीठाचा मात्र पुरा आठ वर्षांचा. म्हणजे 'जोड' म्हटलें कीं वर्ष वांचतेंच असें नाहीं. सगळीकडे वांचते ती मधली धास्ती.

आमच्या घरांत अर्थात् एकमत झालें नाहीं. मातोश्रींनीं, वय वर्षें सत्त्याऐंशी, हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये एवढें एकच वाक्य सांगितलें आणि त्या जप करावयास निघून गेल्या. आमच्या घरांतून असें मत पडलें कीं, मुलगी तीन वर्षांत कॉलेज उरकणार म्हणजे झोपेल केव्हां आणि जेवेल केव्हां ? आमचे चिरंजीव सफाळ्यास दवाखाना चालवितात. त्यांच्याकडून आम्हीं जोड-अभ्यासक्रमाच्याच बाजूचा कौल धरला होता. ते म्हणाले, "बाबा, साडेसतराव्या वर्षीं मी शवविच्छेदनाच्या टेबलापाशीं उभा होतों. मला डॉक्टरकी आवडते, पण ती मला आवडते हें मला तिसऱ्या वर्षीं समजलें. आमच्या वर्गांत कांहींना तें कधींच समजलें नाहीं, आणि तोंवर परतण्याची वाट राहिली नव्हती." हें त्यांनीं आम्हांस इतक्या वर्षांत कधीं सांगितलें नव्हतें.

सतराव्या वर्षीं धंदा ठरविणें हें कांहीं नवीन नव्हे, असें आम्ही त्यांस म्हणालों. कल्याण आणि हें आमचें एडवण २०१४ पर्यंत एकाच ठाणें जिल्ह्यांत होतीं. त्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, अठरा वर्षांच्या असतांना, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजांत दाखल झाल्या आणि १८८६ च्या मार्चांत एम्. डी. होऊन बाहेर पडल्या. त्यांच्यापाशीं कोणतीही कॉलेजची पदवी नव्हती, आणि ती कोणीं मागितलीही नाहीं. आज अमेरिकेची म्हणून जी आठ वर्षांची वाट दाखवितात ती पुढें पडली. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्सनें १८९३ सालीं वैद्यकासाठीं आधीं पदवी हवी असा दंडक घातला. १९१० सालीं कार्नेगी संस्थेसाठीं फ्लेक्सनर नांवाच्या गृहस्थांनीं देशभरचीं मेडिकल कॉलेजें पाहून कडक अहवाल लिहिला, त्यानंतर कित्येक कच्चीं कॉलेजें बंद झालीं, आणि कॉलेजचें आधींचें शिक्षण हळूहळू सार्वत्रिक झालें. आपल्याकडेही आमच्या वडिलांच्या पिढीस मॅट्रिकनंतर इंटर सायन्सचीं दोन वर्षें काढून मगच मेडिकलचें दार दिसे. तीं दोन वर्षें पुष्कळांस वांचवून गेलीं. इंटरला बेडूक कापतांना ज्यांना घेरी आली ते मुकाट्यानें वकिलीकडे वळले आणि चांगले वकील झाले. १९७० नंतरच्या दशकांत दहावी-बारावीची रचना आली आणि हा मधला ओटा गेला.

हें सगळें मनांत घोळत असतां आम्हीं पुतणीला एकटीला फोन लावला. तिची मराठी थोडी अडखळत येते, पण येते. आम्हीं विचारलें, "तुला स्वतःला काय वाटतें ?" तिनें उत्तर दिलें नाहीं, उलट तिनेंच विचारलें, "काका, बाबांना वाटतं का की मला साध्या वाटेनं जमणार नाही? म्हणून ते ही पक्की जागा घे म्हणतात ?"

आकडे, शर्ती, वर्षें यांचा आम्ही इतका काथ्याकूट केला, पण मुलीच्या मनांत कोणता कांटा बोचतो आहे हें आमच्या ध्यानींही आलें नव्हतें. पक्की जागा म्हणजे बापाच्या मनांतील अविश्वास, असा अर्थ तिनें लावला होता. आम्हीं तिला एवढेंच म्हटलें कीं, याचें उत्तर तुझ्या बाबांनींच दिलें पाहिजे, आणि त्याच रात्रीं बंधूंना सांगितलें कीं, कॉलेजास उत्तर देण्यापूर्वीं मुलीला उत्तर द्या.

बंधूंचें म्हणणें त्यांनीं आम्हांसही सांगितलें. भीति होती ती पैशाची. २०२५ च्या जुलैंत झालेल्या तेथील कायद्याप्रमाणें १ जुलै २०२६ पासून वैद्यक शिकण्यासाठीं नव्यानें कर्ज काढणारास सरकारकडून वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकंदर २ लाख डॉलर यांपलीकडे मिळावयाचें नाहीं, आणि खाजगी मेडिकल कॉलेजांतील एका वर्षाचा खर्च याहून पुष्कळच अधिक असतो. कॉलेजचें एक वर्ष कमी झालें तर त्याची फी वांचते आणि मिळकतही एक वर्ष आधीं सुरू होते. मध्यम स्थितीच्या गृहस्थानें हा विचार करूं नये असें कोण म्हणेल ? पण तो मुलीला उघड सांगावयास हवा होता. "तिला काळजी नको म्हणून बोललों नाहीं," असें ते म्हणाले. आपल्या घरांतील पुरुषांची ही जुनी खोड आहे. काळजी नको म्हणून जें बोलत नाहींत त्याचीच काळजी घरभर पसरते.

मग शर्तींचा कागद सर्वांनीं मिळून वाचला. म्हणजे ते तिकडे, आम्ही इकडे ओटीवर, आणि मध्यें फोन. आमचा या बाबतींतील एक आग्रह असा कीं, अशा कागदांत आंत कसें शिरावयाचें हें वाचण्यापेक्षां बाहेर कसें पडावयाचें हें आधीं वाचावें. गुणांची कांहीं एक पातळी दरवर्षीं राखली पाहिजे, नाहीं तर जागा जाते. दुसऱ्या मेडिकल कॉलेजास अर्ज केला तरी राखलेली जागा जाते. आणि पदवी तीन वर्षांनीं मिळत नाहीं. मेडिकलचें पहिलें वर्ष झाल्यावर मिळते. तेव्हां तिसऱ्या वर्षाच्या शेवटीं मन पालटलें तर हातांत पदवी नाहीं, आणि ती पुरी करण्यास आणखी वर्ष लागणार. हें शेवटचें कलम बंधूंच्या लक्षांत आलें नव्हतें.

आमचें मत आम्हीं स्पष्ट कळविलें : चार वर्षांची वाट घ्यावी. ती मुलगी हुशार आहे, शंभरांतल्या त्या चाळिसांत ती बसेल. आणि न बसली तरी हातीं पदवी असेल व वय अवघें बावीसचें असेल. अठराव्या वर्षीं मिळालेलें चार वर्षांचें मोकळें वाचन पुढें डॉक्टराला पुन्हां मिळत नाहीं. आमचें हें मत अजूनही तेंच आहे.

बाप-लेकींचें बोलणें काय झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. २८ एप्रिलला तिचा फोन आला. तिनें सात वर्षांचा अभ्यासक्रम स्वीकारला होता. बाबांनीं पैशाचा सगळा हिशेब तिच्यापुढें मांडला आणि त्यांनींच तिला सांगितलें कीं, तूं मोठ्या कॉलेजांत गेलीस तरी मी निभावून नेईन. "मग मला ती जागा घ्यायला काही वाटलं नाही," ती म्हणाली. दुसरेंही एक कारण तिनें दिलें. तिच्या वरच्या वर्गांतील मैत्रिणी साध्या वाटेनें गेल्या आहेत. त्या सुट्ट्यासुद्धां अर्जांत लिहितां याव्यात म्हणून घालवितात, रुग्णालयांत सेवा करतात तीही तास मोजून. तसें तिला करावयाचें नव्हतें. आमच्या मोकळ्या वाचनाच्या मुद्द्याला हें बऱ्यापैकीं उत्तर होतें, असें म्हणणें भाग आहे. चिरंजीवांना मात्र तें पटलेलें नाहीं.

तीन वर्षांत चार वर्षांचा अभ्यास आटपावयाचा म्हणून पुढील दोन्ही उन्हाळ्यांत तिचे वर्ग आहेत. तेव्हां यंदां जूनमध्यें ती एडवणला येते आहे. आजीपाशीं राहणार, पहिल्या पावसांत आशापुरीच्या देवळापर्यंत चालत जाणार, आणि रोज सकाळीं दादाबरोबर सफाळ्यास जाऊन त्याच्या दवाखान्यांत बसणार. तास मोजावयाचे नाहींत, अशी तिनें दादाला आधींच अट घातली आहे.