पंचावन्न सालचं गाणं कोणाचं?

गजानन दिगंबर माडगूळकर १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे इथे जन्मले. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णा भाऊ, १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात. दोन्ही गावं आजच्या सांगली जिल्ह्यातली आणि दोघांच्या वयात अंतर दहा महिन्यांचं. दोघांनीही लहानपणी दारिद्र्य भोगलं आणि दोघांनाही पोटासाठी गाव सोडावं लागलं. एक कोल्हापूरच्या सिनेमाकडे गेला, दुसरा आईवडिलांबरोबर पायी मुंबईला. ‘एका पिढीची माणसं’ म्हणायचं तर ह्या दोघांना म्हणावं. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर दोघांनी मराठी मुलखाला जे दिलं, ते आज सत्तर वर्षांनीही गायलं जातं. माडगूळकरांचं गीतरामायण आणि अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड.

शाहिरी आणि सुगम संगीत हे माझ्या अभ्यासाचे विषय असल्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो. त्या पिढीचं एक गाणं कोणतं? विचारणाऱ्याला एकच नाव हवं असतं. मी मात्र त्याला आधी विचारतो, तुमचे आजोबा १९५५ साली कुठे राहत होते?

गीतरामायणाचं पहिलं गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं. कल्पना सीताकांत लाडांची, संगीत सुधीर फडक्यांचं, गळे माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके यांच्यासारख्यांचे. आठवड्याला एक गीत असं वर्षभर चालवायचं ठरलं होतं. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, ह्या आठवणी त्या काळातल्या अनेकांनी सांगितल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. त्यामागची सरकारी हवाही ध्यानात घ्यायला हवी. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ ह्या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी त्यांनी जवळजवळ हद्दपार केली. ती पोकळी भरायला केंद्राकेंद्रावर सुगम संगीत उभं करावं लागलं. पुण्याच्या केंद्राला कवी, संगीतकार, वाद्यवृंद आणि वर्षभराची वेळ मिळाली, त्याला हे धोरण कारण होतं. त्याच वर्षांत तरुण पोरं रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी बुधवारची वाट पाहत होती, हेही त्याच धोरणाचं फळ.

पण रेडिओ कोणाकडे होता? व्हॉल्व्हचा सेट महाग, त्याला वीज लागे, वर सरकारी परवाना काढावा लागे. खेड्यापाड्यांत वीज पोचायची होती. ट्रान्झिस्टर घरोघर यायला अजून अवकाश होता. चाळीत एखाद्या बिऱ्हाडी सेट असला तर मजला गोळा होई, हे खरं. तरीही गीतरामायण दर आठवड्याला न चुकता, घरात बसून ऐकू शकणारा वर्ग मर्यादित होता. आज त्या काळाच्या आठवणी लिहिलेल्या सापडतात, त्या बहुतेक ह्याच वर्गाच्या आहेत.

मुंबईच्या गिरणगावात त्याच सुमारास दुसरं काही ऐकू येत होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर शहर पेटलं. ह्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. मैदानामैदानावर सभा भरत होत्या, आणि भाषणं सुरू होण्याआधी शाहिरांचा डफ वाजे. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं होतं. ‘माझी मैना’ अमर शेखांच्या गळ्यातून हजारोंच्या सभेत घुमली.

ह्या छक्कडीची बांधणी मला अजूनही थक्क करते. सुरुवात अस्सल लावणीच्या थाटाची. गावी राहिलेल्या बायकोचं रूप, तिचे दागिने, तिचा निरोप. मग मुंबईची वाट, पोटाची आग, शहरातली श्रीमंती आणि तिच्या पायाशी वळवळणारी गरिबी. आणि शेवटाकडे मैनेचा अर्थ पालटतो. बेळगाव, निपाणी आठवतात, आणि ताटातूट एका नवरा-बायकोची न राहता मुलखाची होते. ऐकणारा कामगार मुळात घाटावरून, नाहीतर कोकणातून आलेला, बायकोला मागे ठेवून खानावळीत जेवणारा. सीमाभागाचा प्रश्न त्याला नकाशावरून समजावण्याची गरजच उरली नाही.

एवढं मोठं गाणं, पण त्या काळच्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. छक्कड बैठकीत रंगली की त्याच्या कितीतरी पुढे जाई. शिवाय सरकारविरुद्धच्या चळवळीचं गाणं सरकारी आकाशवाणी लावणार कशी? गीतरामायणाला प्रसारण मिळालं, छापील पुस्तक मिळालं, पुढे फडक्यांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका मिळाल्या. छक्कड तोंडोतोंडी टिकली, आणि म्हणून तिचे पाठभेद जिल्ह्याजिल्ह्यात निराळे आहेत. ‘पिढीचं गाणं’ ठरवताना आपण बरेचदा जपून ठेवलेल्या गाण्यांतूनच निवड करतो. कोणतं गाणं जपायचं हे मात्र त्याआधीच कोणीतरी ठरवलेलं असतं.

ह्यात माडगूळकरांवर अन्याय व्हायला नको. रामकथा लिहिणाऱ्या त्याच लेखणीने १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’साठी बुगडीची लावणी लिहिली. वसंत पवारांची चाल, आशा भोसले यांचा आवाज. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो चित्रपट सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. रेडिओने घातलेलं कुंपण सिनेमाच्या तंबूने मोडलं. माडगूळकर दोन्हीकडचे होते. कुंपण त्यांच्या श्रोत्यांमध्ये होतं.

१९५५-५६ च्या त्याच दीड वर्षाच्या आगेमागे तिसरं एक गाणं जन्माला येत होतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला ते गेले. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आधीच वाट घातली होती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव फिरून नव्याने बौद्ध झालेल्या माणसाला गाणं देऊ लागले. ह्या माणसांच्या वस्त्यांत जन्मलेल्या मुलाला १९५६ साल म्हटलं की रामाचं गाणं आठवणार नाही आणि मैनेचंही पहिल्यांदा आठवणार नाही. त्याची पिढी त्या ऑक्टोबरात सुरू झाली. मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्या गाण्यांना फार काळ परिशिष्टात बसवलं, आणि ही चूक अजून पुरती सुधारलेली नाही.

तरीही कोणी हट्टच धरला की एकच नाव सांगा, तर मी ‘माझी मैना’ सांगतो. गाव सुटणं हा त्या पिढीचा सर्वांत मोठा सामायिक अनुभव होता आणि तो ह्या छक्कडीने त्या पिढीच्या स्वतःच्या भाषेत मांडला. गीतरामायण अधिक सुघड आहे, संगीत म्हणून अधिक संपन्न आहे, पण त्यातलं दुःख हजारो वर्षांपूर्वीच घडून गेलेलं आहे.

आणि एवढं म्हटल्यावर एक गोष्ट मला बोचते. त्या छक्कडीत मैना स्वतः कधी बोलत नाही. नवरा मुंबईला गेल्यावर शेत, सासू, पोरं सांभाळणाऱ्या त्या बाईचं गाणं कोणतं? ती पहाटे जात्यावर बसून ओवी गात होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आई, भाऊ, सासुरवास, विठ्ठल आणि शहरात गेलेला माणूस, सगळं त्यात आहे. ओवी आईकडून लेकीकडे जाते, प्रत्येक बाई तिच्यात आपली एक ओळ घालते. तिला कवी नाही, साल नाही. विजेची गिरणी गावात आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि गाण्याची वेळच नाहीशी झाली. जवळजवळ अर्ध्या पिढीचं गाणं असं साल-तारखेवाचून राहिलं.

आजच्या पिढीचं एक गाणं म्हणून २०१६ च्या ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ तपासून पाहावं असं तरुण मित्र म्हणतात. अजय-अतुलच्या ह्या गाण्याने वाडा, वस्ती, शहर, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, सगळीकडे एकाच चालीवर माणसं नाचवली. इतका सर्वदूर पोचलेला मराठी ठेका माझ्या आठवणीत दुसरा नाही. पण ज्या चित्रपटातलं ते गाणं आहे, त्यात जात ओलांडून लग्न केलेल्या जोडप्याचा खून होतो. गाणं सगळ्यांच्या वरातीत शिरलं. वराती मात्र अजूनही बहुतांशी जातीतल्या जातीतच निघतात. एका गाण्यावर नाचणारी माणसं तेवढ्याने एक पिढी होत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाळीला घरं भरतात. घरात पंचाहत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांना गाणं विचारा. ते कुठे ऐकलं, कोणाबरोबर, रेडिओवर की मैदानात की जात्यावर, हेही विचारा, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून गाव-तालुक्यासह जपून ठेवा. आवाज थकलेला असला, ओळी अर्ध्या आठवत असल्या तरी चालेल. छक्कडीचे आणि ओव्यांचे कितीतरी पाठ आज फक्त ह्याच माणसांपाशी उरले आहेत.