सुरांचे माप
शिंप्याला आपण माप देतो. वादकाला मात्र ‘काळजाला भिडेल असे वाजवा’ एवढेच सांगतो! हदगावच्या आमच्या शाळेतील नाटकासाठी गिटारवर एकट्याने वाजवायचा तुकडा हवा होता. मी चिठ्ठीत लिहिले : षड्ज काळी दोन, ताल दादरा, मिनिटाला ६० मात्रा, आठ आवर्तने, म्हणजे ४८ सेकंद, शेवट पंचमावर. शंकर-जयकिशनांचे गोमंतकीय संगीतसंयोजक सेबॅस्टियन डिसोझा वादकांपुढे कागदावर मांडलेले स्वरच ठेवीत. आणि भाव? ‘मायबाप ऊसतोडीला निघालेत, पोर दारात उभी आहे.’ ‘करुण’ हा शब्द मी मुद्दामच टाळला. वर्गातील रिकामी बाके रोज पाहणाऱ्या मास्तराला विशेषणे सुचत नाहीत. मींड कुठे घ्यायची, ते मात्र वादकाच्या बोटांवर सोडले.